देगाण्याचं काळं खनिज

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मी लेथ चालवतो. पोलाद सोलून काढणारी आमची इवलीशी टीप टंगस्टन कार्बाइडची असते. बोथट झाली तरी ती साध्या भंगारात जात नाही, तिचा भावच वेगळा. त्यातला टंगस्टन हा धातू सोन्याइतका जड, आणि वितळायला ३४२२ अंश सेल्सिअस लागतात. इतकं तापमान दुसऱ्या कुठल्याच धातूला लागत नाही.

आमच्या पायाखाली मात्र तो मिळायचा नाही. सोलापूरखाली लाव्ह्याचे थर, तर टंगस्टनची सोबत ग्रॅनाइटशी. महाराष्ट्रात त्याच्या खुणा सापडल्या त्या नागपूर जिल्ह्यात, कुही-खोबना पट्ट्यात.

नावाजलेली खाण राजस्थानातली. नागौर जिल्ह्यातल्या देगाण्याची रेवत टेकडी पहिल्या महायुद्धात फोडायला घेतली, कारण हत्यारांच्या कडक पोलादाला टंगस्टन हवं होतं. (लढाई आली की खाणींना बरे दिवस येतात, हे काही बरं नाही बुवा!) इथलं खनिज वुल्फ्रमाइट: लोह, मँगनीज, टंगस्टन आणि ऑक्सिजन यांचं काळपट संयुग, पांढऱ्या गारेच्या शिरांत रुतलेलं. ते गारेच्या अडीचपटीहून जड. त्यामुळे दगड कुटून पाण्यात हलवला की गार वाहून जाते आणि काळा चुरा तळाशी उरतो. झारेकरी सोनाराच्या दुकानातली धूळ धुतात, अगदी तसंच.

रेवत टेकडीच्या ग्रॅनाइटात फ्लोराइट, पुष्कराज आणि लिथियमवाला अभ्रकही आहे. पण चीनचा स्वस्त माल आला आणि १९९०च्या दशकात खाण बंद पडली. २०२३ साली केंद्र सरकारनं ३० अत्यावश्यक खनिजांची यादी काढली, तीत टंगस्टन आहे.