आधी हवा बाहेर, मग पेट्रोल आत

गाडी तापते, आवाज करते, सकाळी चालू व्हायला कुरकुरते, या तक्रारी मेकॅनिकच्या रोजच्या ओळखीच्या. ‘गाडी पेट्रोल घेत नाही’ म्हटलं की मात्र ऐकणाऱ्याला आधी चेष्टाच वाटते. काटा निम्म्याच्या खाली आलेला असतो, नोझल व्यवस्थित आत घातलेलं असतं, लिटरभर पेट्रोल जातं आणि टक् करून ते बंद पडतं. पुन्हा दाबलं की पुन्हा टक्. मागच्या रांगेतले हॉर्न वाजवू लागतात, पंपावरचा माणूस नोझल अर्धवट बाहेर ओढून, धार बारीक करून कसंबसं हजाराचं पेट्रोल आत सोडतो आणि ‘गाडीत प्रॉब्लेम आहे, दाखवून घ्या’ म्हणतो. मालकाच्या मते दोष पंपाचा असतो. मेकॅनिककडे गेलं तर टाकी उतरवायची भाषा सुरू होते. माझं म्हणणं असं की या टक् आवाजाला अडथळा समजून त्याच्यावर मात करण्यात सगळे गुंततात, आणि तो काय सांगतो आहे ते ऐकायचं राहून जातं. तो बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगत असतो: पेट्रोलची वाट मोकळी आहे, हवेची नाही.

हे पटण्यासाठी नोझलच्या पोटात डोकवावं लागेल. नोझलच्या टोकाशी, आतल्या बाजूला, एक बारीक छिद्र असतं. तिथून एक पातळ नळी मुठीपर्यंत जाते. मुठीतून पेट्रोल वेगाने वाहताना अरुंद जागेतून जातं, तिथे दाब घटतो आणि त्या नळीतून हवा खेचली जाते. अरुंद जागेत प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो, हे इटालियन शास्त्रज्ञ वेंचुरी याने १७९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाशी जोडलेलं तत्त्व आहे आणि जुन्या कार्बोरेटरचा सारा कारभार त्यावरच चालत असे. टोकाचं छिद्र उघडं आहे तोवर हवा येत राहते. ते पेट्रोलखाली बुडालं की हवा येणं थांबतं, मुठीतला पडदा ओढला जातो, खटका सुटतो आणि धार बंद होते. यालाच पंपावर ‘ऑटो कट’ म्हणतात. यात वीज नाही, सेन्सर नाही, संगणक नाही. म्हणूनच एक गोष्ट नीट ध्यानात ठेवायला हवी. टाकी भरली की रिकामी, हे नोझलला कळत नाही. त्याला कळतं ते एवढंच, की आपल्या टोकाशी पेट्रोल किंवा फेस आला. टाकी रिकामी असूनही पेट्रोल तिथवर येत असेल, तर खाली टाकीत उतरण्याऐवजी ते गळ्याशी तुंबतं आहे.

ते तुंबतं का? स्वयंपाकघरात अरुंद तोंडाच्या बाटलीत नरसाळं घट्ट बसवून तेल ओतलं, की गुडगुड आवाज येतो आणि तेल नरसाळ्यातच थांबतं. नरसाळं बोटभर उचललं की सरसर उतरतं. बाटलीतली हवा निघाल्याशिवाय तेलाला जागा मिळत नाही. गाडीचा हिशेबही तोच, फक्त वेग फार मोठा. पंपाची धार मिनिटाला तीस-चाळीस लिटरची असते. म्हणजे तितकीच, पेट्रोलच्या वाफेने भरलेली हवा त्याच मिनिटात टाकीबाहेर पडली पाहिजे. अमेरिकेत तर गाड्यांच्या नोझलचा वेग मिनिटाला १० गॅलनच्या, म्हणजे सुमारे ३८ लिटरच्या आत ठेवण्याचं बंधन कायद्यानेच आहे, कारण त्याहून वेगाने हवा निघण्याची हमी गाडीची यंत्रणा देत नाही.

ही हवा नेमकी कुठून निघते, यावर दोष कुठे शोधायचा हे ठरतं, आणि इथे इंटरनेटवरून सल्ला घेणाऱ्यांची मोठी गल्लत होते. अमेरिकेत १९९८ च्या मॉडेलपासून टप्प्याटप्प्याने अशी अट आली, की भरताना निघणारी वाफही गाडीनेच सामावून घ्यायची. त्यामुळे तिथे ही सगळी हवा कोळशाच्या डब्यातून, म्हणजे चारकोल कॅनिस्टरमधून, गाळून बाहेर जाते. न्यू जर्सीत राहणाऱ्या भाच्याची गाडी पेट्रोल घेत नसेल, तर कॅनिस्टर आणि त्याच्या तोंडाशी असलेली विजेची झडप हे पहिले संशयित, यात शंका नाही. आपल्याकडे २०२० च्या एप्रिलपासून देशभर भारत स्टेज सहा लागू झाला तेव्हा त्यात भरतानाच्या वाफेची ही अट नव्हती. आपल्या गाड्यांतला कॅनिस्टर मुख्यतः गाडी उभी असताना उन्हाने टाकीत होणारी वाफ धरून ठेवण्यासाठी असतो. तिच्यासाठी कसोटीत २ ग्रॅमची मर्यादा आहे. भरताना निघणारी बहुतेक हवा मात्र फिलर पाइपला, म्हणजे झाकणापासून टाकीपर्यंत पेट्रोल नेणाऱ्या नळीला, समांतर जाणाऱ्या एका बारीक नळीतून वर येते आणि झाकणाच्या तोंडाशीच सुटते. मेकॅनिक तिला ब्रिदर पाइप म्हणतात. आपल्याकडे संशयाचा क्रम म्हणूनच उलटा: आधी फिलर पाइप आणि ब्रिदर, त्यानंतर टाकीच्या तोंडाशी असलेली झडप, त्यानंतर कॅनिस्टर, आणि टाकी उतरवायची ती अगदी शेवटी.

क्रम बरोबर धरला तर बरंचसं निदान एक रुपयाही न खर्चता होतं. पहिला प्रश्न पंपाचा. एकाच पंपावर त्रास होत असेल आणि दुसरीकडे टाकी सुरळीत भरत असेल, तर तिथलं नोझल जास्त हळवं आहे किंवा धार जास्त जोराची आहे. गाडीला हात लावायचं कारण नाही. तीन-चार पंपांवर, शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांच्या, तोच अनुभव आला तरच दोष गाडीचा. दुसरा प्रश्न नोझलच्या ठेवणीचा. काही गाड्यांचा फिलर पाइप तोंडाशीच असा वळलेला असतो, की सरळ घातलेल्या नोझलची धार थेट भिंतीवर आदळून मागे उसळते. नोझल पूर्ण आत घालून थोडं फिरवलं, की उसळी छिद्रापासून दूर जाते. तेवढ्याने भागलं तर तो दोष नसून त्या गाडीचा स्वभाव आहे, आणि पंपावरच्या माणसाला तो सांगून ठेवला की झालं. तिसरा प्रश्न, टक् केव्हा होतं? काटा कुठेही असो, धार सुरू होताच होत असेल तर अडचण गळ्याशी किंवा ब्रिदरमध्ये. पूर्ण दाबल्यावरच होत असेल आणि निम्म्या धारेला गाडी मुकाट भरत असेल, तर वाट पूर्ण बंद नाही, अरुंद झाली आहे. चांगलं वीस-पंचवीस लिटर जाऊन, पण टाकी भरण्याआधी, ठरावीक पातळीलाच होत असेल, तर टाकीतली पातळी अडवणारी तरंगती झडप लवकर मिटते आहे, किंवा ब्रिदरला कुठे तरी झोल पडून त्यात पेट्रोल साचलं आहे.

यापेक्षाही उपयोगी प्रश्न एक आहे आणि तो फारच क्वचित विचारला जातो: हे कधीपासून? मागच्या चाकावरचा पत्रा ठोकून घेतल्यानंतर, टाकी साफ केल्यानंतर, बाहेरून सीएनजी किट बसवल्यानंतर त्रास सुरू झाला असेल, तर दोष यंत्रातला नसून हाताचा आहे. कुठली तरी नळी पिळली, दाबली किंवा चुकीच्या तोंडाला लागली. मुंबई-पुण्याकडे सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत आणखी एक गुंता होतो. पेट्रोल महिना-दोन महिन्यांतून कधी तरी भरलं जातं, त्यामुळे दोष नक्की कधी आला तेच मालकाला आठवत नाही. डिझेल गाडीचं गणित थोडं वेगळं आहे. डिझेलची वाफ कमी, म्हणून तिथे कॅनिस्टर नाही. पण डिझेलला फेस येतो आणि नोझल फेसालाही फसतं. क्षणभर थांबून पुन्हा भरताना धार चालू राहत असेल, तर तो नुसता फेस होता.

वाट बुजते कशाने, याचं सर्वांत नवलाचं उत्तर एका कोळ्याने दिलं आहे. २०११ मध्ये माझदाने अमेरिकेतल्या पन्नास हजारांहून अधिक ‘माझदा ६’ गाड्या परत बोलावल्या, कारण पेट्रोलच्या वासाने ओढला जाणारा एक पिवळसर कोळी कॅनिस्टरच्या हवेच्या नळीत जाळं विणत होता. उपाय करूनही २०१४ मध्ये आणखी सुमारे बेचाळीस हजार गाड्या बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षी सुझुकीनेही तिथल्या एकोणीस हजारांहून अधिक ‘किझाशी’ याच कारणासाठी परत घेतल्या. ही गाडी मारुतीने काही काळ आपल्याकडेही विकली होती. कंपन्यांना धास्ती होती ती पेट्रोल भरताना होणाऱ्या त्रासाची नव्हे. नळी बुजली की गाडी चालताना वापरलेल्या पेट्रोलच्या जागी हवा आत येत नाही, टाकीत पोकळी तयार होते, टाकीला तडा जातो आणि पेट्रोल गळतं. आपल्याकडे त्या कोळ्याची जागा घ्यायला कुंभारमाशीचं मातीचं घर, उंदरांनी कुरतडलेली नळी आणि पावसाळ्यात चाकाने उडवलेला चिखल पुरेसे आहेत. झाकण उघडताना हलकासा फुस्स आवाज येणं उन्हाळ्यात स्वाभाविक आहे. थंड सकाळीसुद्धा जोराने हवा आत ओढली जात असेल, तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

‘धार बारीक ठेवली की भरतंय ना, मग खर्च कशाला?’ या नेहमीच्या आक्षेपाचं उत्तर इथेच मिळतं. बारीक धारेने दोष जात नाही, झाकला जातो. शिवाय नोझल अर्धवट बाहेर ओढलं की छिद्र पेट्रोलच्या पातळीपासून दूर राहतं. मग खरोखर टाकी भरल्यावरही कट होण्याआधी पेट्रोल बाहेर सांडतं. त्यात बेंझीन असतं, ते कर्करोगकारक म्हणून मान्य झालेलं आहे, आणि त्याची वाफ रोज श्वासात घेणारा माणूस गाडीचा मालक नसून पंपावरचा कामगार असतो.

कट झाल्यावरही ‘राउंड फिगर’साठी आणखी भरण्याची सवय हा याच अज्ञानाचा दुसरा चेहरा. टाकीच्या वरच्या भागात थोडी जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली असते. पेट्रोल दर दहा अंशांना साधारण एक टक्का फुगतं. जमिनीखालच्या थंड टाकीतून आलेलं ३७ लिटर पेट्रोल उन्हात पंधरा अंशांनी तापलं, तर अर्ध्या लिटरहून अधिक वाढतं. त्याची जागा आपण आधीच भरून टाकली, तर ते वाफेच्या नळीतून कॅनिस्टरकडे जातं. कोळशाची क्षमता त्याच्या सूक्ष्म छिद्रांत असते. ती वाफेसाठी आहेत, द्रवासाठी नाहीत. एकदा भिजलेला कॅनिस्टर इंजिनाला नको तितकी वाफ पाजतो, पेट्रोल भरल्यावर लगेच गाडी चालू होताना धापा टाकते, आणि कोळशाचे दाणे फुटून नळ्यांत गेले तर हवेची उरलेली वाटही बंद होते.

यावर जुने लोक म्हणतील, कुर्ल्याच्या कारखान्यातल्या प्रीमियर पद्मिनीत आम्ही गळ्यापर्यंत पेट्रोल भरलं, काही झालं नाही. खरं आहे, तिच्यात कॅनिस्टरच नव्हता, वाफ थेट हवेत जात होती आणि ती कोणाच्या तरी फुप्फुसात जात होती. दुसरा आक्षेप अॅव्हरेज काढणाऱ्यांचा, की काठोकाठ भरल्याशिवाय हिशेब जमत नाही. उलट काठ डोळ्यांच्या अंदाजाने ठरतो. एकाच पंपावर कटपासून कटपर्यंत मोजलं तर चूक कमी होते. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वारंवार होणाऱ्या कटमध्ये पंपवाला माप मारतो, असा संशय लोकांना येतो, आणि तो निराधार म्हणता येत नाही. २०१७ मध्ये ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने पंपांवर छापे घालून यंत्रातले फेरफार उघड केले होते. पण ती लबाडी मीटरमधली होती, नोझलच्या खटक्यात नव्हे. तिच्यावर इलाज कटनंतर दोन लिटर जास्त भरण्याचा नाही. पंपावर ठेवणं बंधनकारक असलेलं पाच लिटरचं प्रमाणित माप मागण्याचा आहे. त्यात पंचवीस मिलिलिटरहून जास्त तूट दिसली, तर वैधमापन विभागाकडे तक्रार करता येते. ३७ लिटरच्या टाकीत ४० लिटर गेलं म्हणजे चोरी झाली, असंही लगेच समजू नये. कंपनी सांगते ती क्षमता वापरायची. गळा आणि वाफेची जागा तिच्याबाहेर असते. राहता राहिली उन्हाळ्यात फिरणारी अफवा, की टाकी पूर्ण भरली तर स्फोट होतो. कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपर्यंत कोणत्याही ऋतूत टाकी भरणं सुरक्षित आहे, असा खुलासा इंडियन ऑइलने केलेला आहे. ती मर्यादा म्हणजेच पहिला कट.

मेकॅनिककडे जाल तेव्हा ‘पेट्रोल घेत नाही’ एवढंच सांगू नका. किती पंपांवर, किती लिटरला, कोणत्या धारेला कट होतो आणि कोणत्या कामानंतर सुरू झालं, हे सांगा, आणि टाकी उतरवण्याआधी ब्रिदर पाइप दोन्ही टोकांना सोडवून हलक्या हवेने तपासायला लावा. तोंडाने फुंकू देऊ नका, आणि पंपावर स्वतः तार घालून पाहू नका. पंपावर मात्र एक वाक्य आजपासूनच म्हणता येईल: ‘ऑटो कटला थांबा.’ रक्कम १,८४३ रुपये झाली तर तेवढीच द्या. मोबाइलवरून पैसे देताना सुट्यांची अडचण आता उरलेली नाही.