आकड्याचा सल्ला आणि सल्लागाराचा इतबार

बोदवडच्या बाजार समितीत माल घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याला अडत्याच्या शब्दावर विसंबावे लागते हे खरे. परंतु त्या अडत्याचे नाव परवान्यावर असते, वजनाची नोंद मापाड्याच्या हातची असते, हिशेबपट्टी घरी नेता येते, आणि कज्जा उपस्थित झालाच तर समितीकडे दाद मागता येते. मटक्याच्या आकड्याचा सल्ला विकणारा, ‘आज ओपनला हेच चार अंक’ असे छातीठोकपणे सांगणारा, ज्याला त्या धंद्यात ‘गेसर’ म्हणतात तो मनुष्य, ह्यांपैकी एकाही बंधनात नसतो. तरीही त्याच्यावर इतबार ठेवणारे मिळतात, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

मटक्याच्या आकड्याचे मूळ कापसाच्या व्यापारात आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडते व बंद होते भाव तारयंत्राने मुंबईस येत, आणि त्यांवर पैसे लावले जात. 1961 साली ती सोय खुंटल्यावर कल्याणजी भगत यांनी 1962 मध्ये आणि रतन खत्री यांनी 1964 मध्ये पत्त्यांच्या सोडतीवर हाच खेळ नव्याने उभा केला. एक्क्यापासून दहापर्यंतच्या पत्त्यांतून तीन काढावयाचे, त्यांच्या बेरजेचा शेवटचा अंक तो ‘ओपन’, पुन्हा तसाच ‘क्लोज’, आणि दोन्ही मिळून ‘जोडी’. खत्री जमलेल्या लोकांपैकीच कोणाकडून तरी पत्ते उघडवून घेत, असे सांगितले जाते. बेकायदेशीर धंद्यालाही विश्वासाचे काही साधन लागते, ते हे होते. आणि आकडा घेणारा माणूस उद्याही त्याच कोपऱ्यावर बसावयाचा असल्यामुळे लागलेले पैसे चुकते करणे त्याला भागच असते. सल्ला विकणाऱ्याला मात्र असा कोपराच नसतो, आणि दूरध्वनीच्या पलीकडून बोलणाऱ्याला तर मुळीच नसतो.

त्याच्या यशाचे गणित पाहावे. एकूण अंक दहा. त्यांतले चार सांगितले की काहीही ठाऊक नसताना शंभरांत चाळीस वेळा तो खरा ठरणार. चारही अंकांवर एकेक रुपया लावणाऱ्याला मात्र, रुपयास नऊ ह्या रूढ दराने, चार रुपयांमागे सरासरी 3 रुपये 60 पैसेच परत मिळणार. म्हणजे सल्लागार ‘पास’ आणि ऐकणारा तोट्यात. ह्याहून घातक युक्ती अशी की, हजार गिऱ्हाइकांचे दहा गट करून प्रत्येक गटास निराळा अंक द्यावयाचा. पहिल्या दिवशी शंभरांना, दुसऱ्या दिवशी त्यांतल्या दहांना आणि तिसऱ्या दिवशी एकाला तो अंक अचूक लाभतो, आणि तो एक मनुष्य ह्या सल्लागारापायी घरदार गहाण टाकावयास तयार होतो. ‘आधी काही देऊ नका, आकडा लागल्यावरच द्या’ ही अट वरकरणी प्रामाणिकपणाची दिसते. वस्तुतः जिंकणाऱ्याकडून मोबदला घ्यावयाचा आणि नऊ हरणाऱ्यांकडे पाठ फिरवावयाची, ह्यात सल्लागाराची कवडीही धोक्यात नसते. दिलेल्या प्रत्येक सल्ल्याची, चुकलेल्यांसकट, आधी लिहिलेली वही मागितली, तर ती दाखविणारा गेसर विरळाच.

शेअर बाजारात निदान ही वही ठेवणे सक्तीचे आहे. ‘सेबी’च्या 2013 च्या नियमांनुसार मोबदला घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्याने नोंदणी करावी, सल्ल्याचे दप्तर ठेवावे, आणि खात्रीच्या नफ्याचे आश्वासन देऊ नये. नोंदणीवाचून सल्ला विकणारे तेथेही आहेत, परंतु त्यांच्याविरुद्ध तक्रार नेण्यास एक दार तरी आहे.

आकड्याच्या बाबतीत कायद्याने ती वाटच ठेवलेली नाही, आणि तत्त्वतः ते योग्यच आहे. 1872 च्या करार अधिनियमाच्या कलम 30 प्रमाणे पैजेचा करार निरर्थक होय. मुंबई इलाख्यात तर 1865 च्या कायद्याने पैजेला साहाय्यभूत असलेले व्यवहारही न्यायालयाच्या कक्षेबाहेर काढले. 1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यातील कलम 12-अ जुगारास साहाय्य करण्याच्या हेतूने माहिती छापणाऱ्यास व वाटणाऱ्यास शिक्षा सांगते, आणि 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर व त्यांच्या जाहिरातींवर बंदी आली आहे. ‘फिक्स जोडी’ आपल्याला आतून कळते अशी थाप मारून पैसे उकळणे ही तर उघड फसवणूक असून तिची फिर्याद देता येते. परंतु फिर्यादीला ठाण्यात प्रथम स्वतःच्या जुगाराचा कबुलीजबाब द्यावा लागतो, आणि घरातही ज्याने अक्षर काढलेले नाही तो माणूस ठाण्याची पायरी चढत नाही, हे सल्ला विकणाऱ्याला पुरते ठाऊक असते.