पात्र, अपात्र आणि सरकणारी तारीख

४ जानेवारी १९७६ हा रविवार होता आणि देशात आणीबाणी होती. त्या एका दिवसात सरकारी कर्मचाऱ्यांनी मुंबईतल्या झोपड्या मोजून काढल्या. माणसे भरली सुमारे २८ लाख. मोजलेल्या कुटुंबांना ओळखपत्रे मिळाली आणि पुढे 'फोटोपास' हा शब्द वस्तीतल्या पोराटोरांच्याही तोंडी बसला. फुटपाथवर राहणाऱ्यांना या मोजणीत धरलेच नाही. मोजल्याने अभय मिळते असेही नव्हते. चारच महिन्यांनी, मे महिन्यात, अणुसंशोधन केंद्रालगतची जनता कॉलनी जमीनदोस्त झाली आणि तिथली हजारो माणसे चित्ता कॅम्पात नेऊन टाकली गेली.

त्या मोजणीला आता पन्नासेक वर्षे झाली. या काळात मुंबईकर एकाच भांडणात अडकलेला आहे: कोण आपला, कोण उपरा, आणि कोणावर किती खर्च करायचा? देशाच्या सीमेवर हे भांडण व्हिसाने मिटवता येते. मुंबईला हद्द आहे, पण तिथे नाकेबंदी करता येत नाही. भारतात कुठेही जावे, कुठेही राहावे हा हक्क घटनेच्या १९व्या कलमाने दिलेला आहे. म्हणून सरकारने सीमेचे काम एका तारखेकडे सोपवले. तारखेआधी आला तो पात्र, नंतर आला तो अपात्र. भाषणांत भांडण परप्रांतीयांशी चालले, कागदावर मात्र ते कायम उशिरा आलेल्यांशी होते. या दोन गोष्टी एक नाहीत आणि हे आपण कधी नीट कबूल केलेले नाही, असे मला वाटते.

भाषणांचा इतिहास सर्वांना पाठ आहे. 'मार्मिक' साप्ताहिकातून 'वाचा आणि थंड बसा' या मथळ्याखाली परप्रांतीय अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येऊ लागल्या आणि १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. तेव्हाचा राग नोकऱ्यांवरून होता आणि तो दाक्षिणात्यांवर होता. टाइपरायटरसमोरची खुर्ची कोणाला मिळते, हा मध्यमवर्गीय प्रश्न होता. झोपडीचा प्रश्न त्यात नंतर मिसळला आणि मग दोन्ही इतके एकजीव झाले की झोपडी म्हटली की परप्रांतीय, असे समीकरण बसले. वस्तुस्थिती वेगळी होती. मुंबईत बाहेरून आलेल्यांत सर्वांत मोठा गट दशकानुदशके महाराष्ट्रातल्याच जिल्ह्यांचा राहिला. गिरणीसाठी रत्नागिरी आली, घाटावरची माणसे आली, ७२च्या दुष्काळाने मराठवाडा, नगर, सोलापूरकडची कुटुंबे आणली.

१३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी जाहीर केले की फुटपाथवर राहणाऱ्यांना उठवून आपापल्या मूळ गावी धाडण्यात येईल. भर पावसाळ्यात पाडापाडी सुरू झाली, बसगाड्या लागल्या. पत्रकार ओल्गा टेलिस, पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज आणि काही रहिवासी न्यायालयात गेले. या खटल्याच्या निकालपत्रात दोन अर्जदारांची हकिगत आहे आणि माझ्या मते अख्ख्या वादात तिच्याइतके बोलके दुसरे काही नाही. एकजण तमिळनाडूतल्या सेलमचा भूमिहीन मजूर, १९६१ साली दुष्काळाने काम गेल्यामुळे आलेला. २३ जुलै १९८१ रोजी त्याची झोपडी पाडली आणि कुटुंबाला सेलमच्या बसमध्ये बसवले. बायको-मुली तिकडेच राहिल्या. तो कामाच्या शोधात परतला आणि पुन्हा फुटपाथवर बिऱ्हाड मांडून बसला. दुसरा संगमनेरचा चर्मकार, १९६९ साली आलेला. गावात दिवसाला सात-आठ रुपये सुटत, त्यात घर पडले. मुंबईत महिना ३५० रुपयांवर बदली कामगार म्हणून लागला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळावी म्हणून त्याने तिथल्या गुंडाला ३०० रुपये मोजले. बांबू आणि प्लास्टिकला ७०० गेले.

हजार रुपये, म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांचा पगार, तोही फुटपाथवरच्या जागेसाठी. झोपडपट्टीवाल्याला सारे फुकट मिळते असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा. आणि परप्रांतीय हटवण्याच्या त्या मोहिमेतला संगमनेरचा माणूस मराठी होता. त्याचे मूळ गाव जिथे होते, त्याच राज्याची मुंबई ही राजधानी होती.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागायला १० जुलै १९८५ उजाडले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिले की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. कायद्याच्या अभ्यासक्रमात हा निकाल मोठ्या दिमाखात शिकवला जातो. अर्जदारांच्या हाती काय पडले, ते जरा कमी सांगितले जाते. फुटपाथ मोकळे करण्याचा पालिकेचा अधिकार न्यायालयाने मान्य केला; नोटीस द्या, बाजू ऐका आणि पावसाळा संपून महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा, एवढेच सांगितले. ज्यांच्याकडे १९७६चे ओळखपत्र होते त्यांना पर्यायी जागा मिळणार होती. तारखेवर न्यायालयाचीही अशी मोहोर उठली.

मग तारीख सरकू लागली. १९७६ची १९८० झाली, मग १९८५, १९९०, १९९५. निवडणूक जवळ आली की मुदतवाढ येणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होते. पण या सरकण्याने वस्तीत एक नवे वेड जन्माला घातले, ते पुराव्याचे. पत्र्याच्या खोलीत सगळ्यांत उंच फळीवर, पावसाचे पाणी चढले तरी भिजू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पिशवी असते. तिच्यात जुने रेशनकार्ड, लाइट बिल, मतदार यादीच्या पानाची झेरॉक्स, पोरांचे शाळेचे दाखले. पुनर्वसन योजना आली की 'परिशिष्ट दोन' लागते, म्हणजे पात्र-अपात्रांची यादी. रेशनकार्डावर नाव एक आणि मतदार यादीत आडनावाची वेलांटी वेगळी, एवढ्यावरही माणूस अडतो. झोपडी जुनी, पण घेणाऱ्याने ती तारखेनंतर विकत घेतलेली, तर तीस वर्षांची वस्ती असूनही तो नवखा. अशा अडलेल्यांना वाट दाखवणारे दलाल मग गल्लोगल्ली तयार झाले. तारीख हा सरकारला वाटतो तितका नेमका निकष कधीच नव्हता. तो कागद सांभाळण्याचा निकष होता.

१९९५ साली शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले ते ४० लाख झोपडपट्टीवासीयांना मोफत घर देण्याच्या घोषणेवर. म्हणजे आठ लाख घरे. दिनेश अफजलपूरकर यांच्या समितीने आराखडा दिला, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले, १ जानेवारी १९९५ ही तारीख ठरली आणि घर २२५ चौरस फुटांचे. ज्यांनी तीस वर्षे परप्रांतीयांविरुद्ध रान उठवले, त्यांनीच शहरात मोठी मुदतवाढ दिली, हा काव्यगत न्याय म्हणायचा की मतांचे गणित, ज्याने त्याने ठरवावे.

या 'मोफत'वरून मध्यमवर्गात जो भडका उडाला तो अजून विझलेला नाही. वर्तमानपत्रांच्या वाचकपत्रांत तो दर आठवड्याला दिसे. गिरगावातली खोली विकून डोंबिवलीला गेलो, वीस वर्षे हप्ते फेडले, रोज लोकलला लटकलो; अतिक्रमण करणारा मात्र दादरला घर पटकावतो, तेही आमच्या करातून. हा संताप खोटा नव्हता आणि त्याला तुच्छतेने उडवून लावणारे पुरोगामी लेख मला कधी पटले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्लीच्या एका प्रकरणात अतिक्रमणाबद्दल जागा देणे हे पाकीटमाराला बक्षीस देण्यासारखे आहे, अशा आशयाचे उद्गार काढले, तेव्हा मुंबईतल्या अनेक सुशिक्षित घरांत माना डोलल्या असतील.

पण संतापाचा हिशेब चुकीच्या वहीत मांडलेला होता. मोफत घरांवर तिजोरीतून फार काही जातच नव्हते. योजनेची गंमतच ती होती. बिल्डरला जादा चटईक्षेत्र द्यायचे, त्याने झोपडीवाल्याला सात मजली इमारतीत कोंबायचे आणि उरलेल्या जागेवर मनोरा उभारून विकायचा. पैसे देणार मनोऱ्यातला गिऱ्हाईक. खर्च पडला तो शहरावर: एकमेकींना चिकटलेल्या इमारती, भर दुपारी दिवा लावावा लागणाऱ्या खोल्या, त्याच नळावर आणि त्याच रस्त्यावर दुप्पट माणसे. ९०च्या दशकाच्या उत्तरार्धात घरांचे भाव कोसळले तेव्हा बिल्डरांनी हात आखडले आणि योजना थबकल्या, कारण गरिबाचे घर श्रीमंताच्या घराच्या भावाला टांगलेले होते. पाव शतक उलटले तरी आठ लाखांपैकी निम्मी घरेही झाली नाहीत. पाडून झालेल्या वस्त्यांमधली कित्येक कुटुंबे वर्षानुवर्षे संक्रमण शिबिरांत राहिली.

'आमच्या करातून' या शब्दांचीही तपासणी करायला हवी. १ जुलै २०१७ला वस्तू व सेवा कर येईपर्यंत मुंबई महापालिकेचे सर्वांत मोठे उत्पन्न जकातीचे होते. जकात साबणाच्या वडीवर होती, तेलाच्या डब्यावर होती. ती धारावीतही भरली जात होती, फक्त पावती मिळत नव्हती.

तारखेपलीकडच्या माणसाला हाकलण्याचे प्रयोगही झाले. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या झोपड्यांविरुद्ध बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप १९९५ साली न्यायालयात गेला. १९९७च्या आदेशाने हजारो कुटुंबांना हटवायचे ठरले आणि पात्र ठरलेल्यांनी पर्यायी जागेसाठी ७,००० रुपये भरायचे होते. जंगल वाचवणारे नागरिक एका बाजूला, जंगलात राहणारे नागरिक दुसऱ्या बाजूला. १९९८च्या जुलैत बांगलादेशी ठरवलेल्या काही जरी-कारागिरांना मुंबई पोलीस रेल्वेने सीमेकडे नेत होते. पश्चिम बंगालमध्ये उलुबेरिया स्थानकावर जमावाने गाडी अडवून त्यांना सोडवले. ती माणसे आमची, बंगालची आहेत, असे तिथले राजकारणी म्हणत होते. कोण परदेशी आणि कोण परप्रांतीय, हे मुंबईत भाषेवरून ओळखायला गेले की असेच होणार.

२००४ची निवडणूक काँग्रेस आघाडीने तारीख २००० करण्याचे आश्वासन देऊन लढवली. निकाल लागला आणि डिसेंबरपासून विलासराव देशमुख सरकारने १९९५नंतरच्या झोपड्यांवर बुलडोझर चढवला. मुंबईचे शांघाय करायचे होते. काही आठवड्यांत ऐंशी हजारांहून जास्त झोपड्या गेल्या. मेधा पाटकर रस्त्यावर आल्या, दिल्लीतून नाराजी आली आणि मोहीम मंदावली. बांबू-ताडपत्री घेऊन लोक त्याच जागी परतले. १९८१ साली सेलमहून परतलेल्या मजुराची गोष्ट सरकारने वाचली असती तर डिझेल तरी वाचले असते. २००८ साली रेल्वे भरती परीक्षेला आलेल्या परप्रांतीय उमेदवारांना झालेली मारहाण आणि २०१० साली टॅक्सी परवान्यासाठी मराठीची अट घालून दुसऱ्याच दिवशी सारवासारव करणारे मंत्रिमंडळ, यांवर फार शब्द खर्चावेत असे मला वाटत नाही.

तारखेचा सगळ्यात निर्दय वापर पाण्यात झाला. १९९५नंतरच्या झोपड्यांना नळ नाही, असे धोरण. पाणी तर प्यावेच लागते. मग ते टँकरने, चोरीच्या जोडणीने, ड्रमच्या भावाने यायचे आणि गरिबाला उंच इमारतीतल्या माणसापेक्षा कितीतरी महाग पडायचे. पालिकेचा खर्च वाचला म्हणावे, तर पट्टीही बुडाली आणि पाणी पाइप फोडून गेलेच. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर १५ डिसेंबर २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. ए. एस. गडकरी यांनी सांगितले की झोपडी बेकायदा असली म्हणून माणसाचे पाणी तोडता येत नाही. तारखेला पहिल्यांदाच एका जागी 'इथे तुझे काम नाही' असे ऐकावे लागले.

त्याच वर्षी, निवडणुकीच्या तोंडावर, कायद्यातली तारीख २००० झाली. पुढे २०११पर्यंतच्यांना सशुल्क घर देण्याची तरतूद झाली आणि २०२३ साली त्याची किंमत अडीच लाख रुपये ठरली. धारावीच्या पुनर्विकास प्रकल्पात तर २०२२पर्यंत आलेल्यांनाही काही ना काही देऊ केले आहे, फक्त धारावीत नाही, दुसरीकडे. दुसरीकडे म्हणजे कुठे? कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंडकडच्या सुमारे २५६ एकर मिठागरांच्या जमिनीवर. मुलुंडचे रहिवासी आता फलक घेऊन विचारत आहेत की आमच्या लोकलमध्ये आणखी माणसे चढणार कशी, पाणी कुठून आणणार आणि धारावीचे अपात्र आमच्याच माथी का. त्या मोर्चांतल्या कित्येकांचे आईवडील किंवा आजोबा लालबाग-परळच्या चाळीतून मुलुंडला आले, आणि त्यांचे आजोबा कोकणातून लालबागला. पण या वेळी त्यांचा एक मुद्दा अगदी बरोबर आहे: पाणी आणि गाड्या वाढवण्याचे आकडे प्रकल्पाने आधी दाखवावेत, माणसे नंतर हलवावीत.