जोराचे दिवस, पडलेले दिवस
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

मी वीरहून बोलतेय. मला एक आजार आहे. डॉक्टर त्याला बायपोलर म्हणतात, मराठीत द्विध्रुवीय मनोविकार. नाव अवघड आहे, पण आजार कसा असतो ते माझ्याच गोष्टीतून सांगते.

२०२१ च्या जुलैत महाडात पूर आला, तो आपण कुणी विसरलेलो नाही. पाणी ओसरलं तशी मी बहिणीच्या घरातला चिखल काढायला गेले. पहिल्या रात्री कुणीच झोपलं नाही. पुढे बाकीचे दमून आडवे व्हायला लागले, मी मात्र उभीच. दोन तास डोळा लागला तरी पुरे. बायका म्हणायच्या, "काय बाई जोर आहे हिच्यात!" मलाही ते खरं वाटायचं.

वीरला परतले तरी जोर उतरेना. रात्री दोनला भांडी घासायची. तोंडाला खळ नाही. एक बोलणं पुरं व्हायच्या आत दुसरं सुरू. पापडाचा कारखाना काढायचा, असं डोक्यात घेतलं. गटातून ३०,००० रुपये कर्ज उचललं, मंगळसूत्र गहाण टाकलं, यंत्राला आगाऊ पैसे देऊन आले. नवऱ्याने अडवलं तर त्यांच्या अंगावर धावून गेले. कुणी म्हणालं, बाहेरचं आहे, कौल लावा.

दिवाळीला मी अंथरुणात होते. भाजणी दळून आणलेली, तशीच पडून. आंघोळ करायची म्हणजे डोंगर चढायचा. यंत्राचे पैसे बुडाले होते आणि माझे हप्ते गटातल्या बायका भरत होत्या. त्यांना तोंड कसं दाखवू? आपण नसलेलं बरं, असं मनात यायला लागलं.

एका डॉक्टरांकडे गेलो. मी रडले. मन लागत नाही, जेवण जात नाही, एवढंच सांगितलं. पुरातल्या दिवसांचं काहीच बोलले नाही, कारण तो आजार होता हे मला ठाऊकच नव्हतं. त्यांनी उदासपणावरची गोळी दिली. तीन आठवड्यांत मी पुन्हा रात्री दोनला भांडी घासत होते.

मग मानसोपचार डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न सासूबाईंना विचारला, "सूनबाई कमी झोपूनही ताजीतवानी असायची, असं कधी झालं होतं का?" सासूबाई म्हणाल्या, "झालं होतं. पुरात. आणि धाकट्याच्या बाळंतपणानंतरसुद्धा." त्या एका उत्तरावर आजार सापडला.

मैत्रिणींनो, या आजाराला दोन टोकं असतात. एका टोकाला उन्माद: झोप नको, बोलणं फार, खर्च फार, चिडचिड, मोठमोठे बेत. दुसऱ्या टोकाला नैराश्य. मधल्या काळात माणूस अगदी आपल्यासारखं असतं. सकाळी हसलं, संध्याकाळी रडलं, म्हणजे बायपोलर नव्हे. उन्माद आठवडा किंवा जास्त टिकतो, नैराश्य दोन आठवडे ते कित्येक महिने. पडलेले दिवस सगळ्यांना दिसतात. जोराच्या दिवसांचं कौतुक होतं, म्हणून ते डॉक्टरांपर्यंत पोचतच नाहीत. आणि ते कळले नाहीत, तर नुसत्या उदासपणावरच्या गोळीने रोगी उन्मादात जाऊ शकतो. म्हणून दोन्ही टोकं सांगा. स्वतःला आठवत नसेल, तर घरचं माणूस सोबत न्या.

लावणीच्या दिवसांत आपण सगळ्याच कमी झोपतो. मग यात फरक तो काय? लावणीत झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी अंग मोडून येतं. उन्मादात झोप कमी होते आणि थकवाच येत नाही. झोप उडणं ही आजाराची खूण आहे, तसंच ते आजाराला निमित्तही होतं. पुराने मला आजार दिला नाही, तो आधीपासून होता. जागरणांनी तो उठला. बाळंतपणानंतरचे दिवसही असेच जपायचे. घरात कुणाला हा आजार असेल तर धोका वाढतो, पण मुलांना होतोच असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ मध्ये जगात सुमारे ४ कोटी माणसांना हा आजार होता. म्हणजे मी काही एकटी नाही.

मला लिथियमची गोळी चालू आहे. उन्मादावर तिचा गुण येतो, हे ऑस्ट्रेलियातले डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ मध्ये दाखवलं. गोळी चांगली, पण पथ्याची. रक्तातलं प्रमाण, थायरॉइड आणि मूत्रपिंड वेळोवेळी तपासावं लागतं. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तात लिथियम वाढतं. म्हणून मी हरतालिकेचा निर्जळी उपवास सोडला, अळणी खात नाही, उन्हात शेतावर जाताना पाण्याची बाटली नेते. अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर घेत नाही. जुलाब-उलट्या लागल्या, हात फार थरथरले, बोलणं अडखळलं, तर लगेच दवाखाना गाठायचा. मूल हवं असेल तर डॉक्टरांशी आधी बोला, कारण या आजारावरच्या काही गोळ्या, विशेषतः व्हॅलप्रोएट, पोटातल्या बाळाला घातक असतात. पण मनाने कुठलीच गोळी बंद करू नका. बरं वाटतंय म्हणून मी एकदा केली होती. दोन महिन्यांत पुन्हा तेच.

बरी असताना मी दोन गोष्टी लिहून ठेवल्यात. पहिली घरासाठी: सलग दोन रात्री मी चार तासांहून कमी झोपले आणि तरी थकले नाही, तर सासूबाईंनी डॉक्टरांना फोन करायचा, मी कितीही भांडले तरी. दुसरी गटासाठी: मी मोठं कर्ज मागितलं तर पुढच्या बैठकीपर्यंत थांबायचं आणि घरच्यांना विचारायचं. याचा मला कमीपणा वाटत नाही. गटाचं कर्ज फिटलं, मंगळसूत्र सोडवलं. हिशेबाची वही आता माझ्याकडेच असते.

कुणी मरणाची भाषा बोललं तर तिला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध आणि गोळ्या कुलपात ठेवा. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. तो फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. आशाताईंना विचारा, अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात दाखवा. ठाण्याच्या मनोरुग्णालयाचं नाव ऐकून घाबरू नका, तिथेही बाहेरच्या बाहेर तपासून गोळ्या देतात. आणि कुणाला घरात साखळीने बांधलेलं दिसलं तर गप्प बसू नका. २०१७ च्या कायद्याने त्याला बंदी आहे.

तुमच्या गटात एखादी अचानक फार जोरात आली, तर कौतुक जरूर करा. पण एक प्रश्नही विचारा: "ताई, रात्री झोपतेस ना?"