ही धडधड आजाराची की भीतीची?

वाचता वाचता एक गंमत करून बघा. तुमची जीभ आत्ता तोंडात नेमकी कुठे टेकली आहे, तिकडे लक्ष द्या. दातांना लागतेय की टाळ्याला? अर्ध्या मिनिटापूर्वी तुम्हाला जिभेची आठवणसुद्धा नव्हती, आणि आता ती तोंडात मावेनाशी झाली ना? जीभ होती तेवढीच आहे. फक्त तुमचं लक्ष तिच्याकडे गेलं.

मला ही गंमत फार उशिरा कळली. मी सातवीत असताना माझे बाबा हार्ट ॲटॅकने गेले. आम्ही तेव्हा कोथरूडला डहाणूकर कॉलनीत राहत होतो. रात्री सगळे झोपले की मी मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजत बसायचे. समोर अंधारात काटे चमकणारं गजराचं घड्याळ. मोजायला लागलं की ठोके वाढायचे, वाढले की मी घाबरायचे आणि घाबरले की आणखी वाढायचे! डावा खांदा दुखला की वाटायचं, झालं, आता आपली पाळी. (दप्तर रोज त्याच खांद्याला असायचं, हे डोक्यातच यायचं नाही.) आईला सांगायचा धीर होत नव्हता. ती बिचारी आधीच रडून रडून थकलेली.

महाराष्ट्रातले पहिले करोना रुग्ण ९ मार्च २०२० रोजी आपल्या पुण्यातच सापडले. पुढच्या दीड-दोन वर्षांत कितीतरी घरांतली माणसं गेली. अनेकांना शेवटची भेटही घेता आली नाही. त्यानंतर आमच्या सोसायटीतली मुलं नुसती शिंक आली तरी बोटाला ऑक्सिमीटर लावताना मी पाहिली. ९८ दिसलं की हुश्श! पाच मिनिटांनी बोट पुन्हा आत. मला माझं गजराचं घड्याळच आठवलं.

असं का होतं? घाबरलं की मूत्रपिंडांच्या वर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी ॲड्रिनलिन नावाचा रस रक्तात सोडतात. त्याने हृदय जोरात धावतं, हातापायांच्या स्नायूंना जास्त रक्त मिळतं, पोटात कालवाकालव होते. समोर वाघ असता तर हे सगळं पळायला उपयोगी पडलं असतं. पण अंथरुणात पडल्या पडल्या पळणार कुठे? शिवाय भीतीने श्वास भराभर घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. म्हणजे लक्षणं खरीच असतात हं! ती काही नाटकं नव्हेत. त्यांचं कारण मात्र आपण चुकीचं लावतो.

भल्याभल्यांना हे चुकलेलं नाही. चार्ल्स डार्विन बावीस वर्षांचा असताना, १८३१ साली, बीगल जहाज सुटायची वाट पाहत होता. छातीत धडधड, दुखणं. थोडंफार वैद्यक शिकलेला, त्यामुळे आपल्याला हृदयविकारच आहे अशी त्याची खात्री! डॉक्टरांकडे मात्र गेला नाही. त्यांनी प्रवासाला नको म्हटलं तर? जवळजवळ पाच वर्षांची सफर करून तो परतला. पुढे १८५१ साली त्याची दहा वर्षांची लाडकी लेक ॲनी आजारपणात गेली, आणि मग बाकीच्या मुलांच्या तब्येतीचा घोर त्याच्या मनातून गेला नाही. त्याच मुलांपैकी तिघे पुढे रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

डॉक्टरांना टाळण्याबाबत मात्र डार्विनचा कित्ता गिरवू नका. खेळताना छातीत दुखलं, चक्कर येऊन पडायला झालं, दम लागून थांबेना, तर घरात लगेच सांगा आणि दाखवून या. आमचे फॅमिली डॉक्टर मला म्हणाले होते, "बाळ, मनातले सगळे प्रश्न कागदावर लिहून आण." मी अकरा प्रश्न नेले. अकरावा होता, ‘आईला पण होईल का?’ तो वाचून त्यांनी बाहेर बसलेल्या आईला आत बोलावलं, माझ्यासमोर तिचं ब्लडप्रेशर घेतलं आणि बाबांना काय झालं होतं, ते कागदावर हृदयाचं चित्र काढून समजावलं. तोवर मला ते कोणी सांगितलंच नव्हतं.

नीट तपासून झाल्यावर पुन्हा पुन्हा मोजणं मात्र कमी करायचं. एकदम बंद होणार नाही. आज नाडी बघावीशी वाटली तर दहा मिनिटं थांबा, उद्या वीस. ‘मला काही होणार नाही ना?’ हे दिवसातून पंधरा वेळा विचारता? मग काळजीला संध्याकाळची पंधरा मिनिटं ठरवून द्या. बाकीच्या वेळी आलीच तर ‘सहा वाजता ये’ म्हणा. हसू नका, करून बघा. आणि श्वास सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावा.

आता दोन शब्द आई-बाबांसाठी. ‘काही नाही होत, गप झोप’ असं म्हटल्याने मूल गप होतं, भीती नाही होत. आजोबा ‘देवाघरी गेले’ एवढ्यावर थांबू नका; कशाने गेले ते सोप्या शब्दांत सांगा. दर वेळी मुलाबरोबर तुम्हीही थर्मामीटर काढू नका. भीतीपायी झोप, जेवण, शाळा बिघडत असेल तर शाळेतल्या समुपदेशक ताईंशी किंवा मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेचा क्रमांक आहे १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं आणि रात्री दोन वाजताही फोन उचलला जातो.