अलगूज

अलगूज हे तोंडासमोर उभे धरून वाजवण्याचे, बहुधा बांबूचे सुषिर वाद्य आहे. बोलीत त्यालाही सर्रास बासरी किंवा पावा म्हणतात. पंजाब-सिंधमधील अलगोझा नावाने जवळचा असला, तरी त्यात दोन नळ्या एकदम वाजवतात. पुण्यात गणेशोत्सवाच्या गर्दीत काठीला बासऱ्या खोवून हिंडणाऱ्या विक्रेत्यांकडे अलगूज अल्प किमतीत मिळते. इंग्लंडमध्ये रॉबर्ट क्लार्क यांनी १८४३च्या सुमारास बनवू लागलेली पत्र्याची शिट्टी याच जातीची आहे.

रचना

अलगुजाच्या तोंडात बूच बसवून वर अरुंद फट ठेवलेली असते. फुंकर त्या फटीतून खिडकीच्या धारदार कडेवर आदळते आणि नळीतील हवा कंप पावते. आडव्या बासरीप्रमाणे ओठांची ठेवण साधावी लागत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी नाद निघतो. वायुस्तंभ २९ सेंमी लांब असल्यास सर्व छिद्रे बंद असताना सुमारे ५९० हर्ट्झचा स्वर मिळतो.

निवड

विक्रेता एखादे गाणे सफाईने वाजवून दाखवतो. त्यावरून वाद्याची पारख होत नाही. बेसूर छिद्रही तो श्वासाने आणि बोटाने सावरून घेतो. नवशिक्याला ते जमत नाही आणि वाद्याचा दोष तो आपल्या कानाचा समजतो. मुलांनी अलगूज कोपऱ्यात टाकण्याचे हे एक मोठे कारण आहे.

म्हणून स्वतः फुंकून पाहावे. सहाही छिद्रे बंद करून हळू फुंकल्यास खालचा स्वर स्थिर राहिला पाहिजे. जोर वाढवताच तोच स्वर वरच्या सप्तकात लागावा. वरची तीन छिद्रे बंद ठेवून हीच परीक्षा पुन्हा घ्यावी. दोन्ही सप्तकांत मेळ नसेल तर ती नळी परत द्यावी. मग पेटीवर किंवा मोबाइलमधील तंबोऱ्यावर एकेक स्वर ताडून पाहावा. एखादे छिद्र चढे असेल तर त्याची कड मेणाने थोडी बुजवता येते. उतरे असेल तर बारीक कानशीने छिद्र किंचित मोठे करावे. खिडकीची कड बोथट असेल किंवा बांबूला चीर असेल, तर मात्र स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. मुलासाठी घेताना बोटे छिद्रांपर्यंत न ताणता पोहोचतात ना, तेही पाहावे.

वादन

डाव्या हाताची तीन बोटे वर, उजव्याची तीन खाली. छिद्र बोटाच्या टोकाने नव्हे, गादीने झाकावे. किंचित फट राहिली तरी स्वर किंचाळतो. हिंदुस्थानी पद्धतीत वरची तीन छिद्रे बंद असताना षड्ज मानतात. तेथून खालची छिद्रे क्रमाने झाकत गेल्यास मंद्र निषाद, धैवत आणि पंचम मिळतात. वरची उघडत गेल्यास ऋषभ, गंधार आणि शेवटी तीव्र मध्यम. शुद्ध मध्यमासाठी पहिले छिद्र अर्धे उघडावे लागते. काही अलगुजांत पहिले उघडे ठेवून दुसरे व तिसरे झाकले तरी तो लागतो. आरंभाला भूप सोयीचा, कारण त्यात मध्यम व निषाद दोन्ही वर्ज्य आहेत. गंधारावरून मध्य सप्तकातील पंचमावर जाताना मात्र पाच बोटे एकदम टेकवून फुंकर वाढवावी लागते. ती जागा रोज स्वतंत्रपणे घोटावी.

मर्यादा

फुंकर वाढवली की स्वर चढतो, त्यामुळे नाद लहानमोठा करण्यास वाव थोडा. मींड बोट हळूहळू सरकवूनच घ्यावी लागते. रागविस्तारासाठी पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी रूढ केलेली लांब आडवी बासरीच लागते. अलगुजावर बसलेली बोटे तेथे उपयोगी पडतात, फुंकर मात्र नव्याने शिकावी लागते.

निगा

वाजवताना फटीत ओलावा साचून आवाज घोगरा होतो. खिडकी बोटाने झाकून जोराने फुंकल्यास ती मोकळी होते. वाजवून झाल्यावर नळी सावलीत वाळवावी. उन्हाळ्यात बांबूला तेलाचा हलका हात द्यावा, पण तेल फटीत जाऊ देऊ नये.