विश्लेषण : ब्राउझरमध्ये 'अलाउ' म्हणण्यापूर्वी काय तपासाल?

शिष्यवृत्तीचा अर्ज, वीजबिल, सातबारा उतारा, रेल्वेचे तिकीट, बँकेचा व्यवहार… यातील बरीचशी कामे आता ब्राउझरमधून होतात. त्यामुळे भामटेही तिथेच सापळा लावतात. यापासून बचाव करण्यासाठी वेगळे अ‍ॅप किंवा खर्चिक सॉफ्टवेअर लागतेच असे नाही. ब्राउझरमधील काही सेटिंग्ज आणि दोन-चार सवयी पुरेशा ठरतात. त्या कोणत्या?

संकेतस्थळ खरे की बनावट?

पानावरचा लोगो, रंग, मंत्र्यांचे छायाचित्र यांची हुबेहूब नक्कल करता येते. म्हणून खात्री करायची ती अ‍ॅड्रेस बारमधील पत्त्याची. फोनवर तो अर्धवट दिसत असेल तर त्यावर बोट ठेवून पूर्ण वाचावा. पत्त्यातील पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या लगेच आधीचा भाग मालक कोण ते सांगतो. सरकारी संकेतस्थळांचा हा भाग साधारणपणे 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असा असतो. 'महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन डॉट अमुक डॉट कॉम' असा पत्ता दिसला, तर ते संकेतस्थळ 'अमुक डॉट कॉम'चे आहे, सरकारचे नव्हे. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने 'बँक डॉट इन' हा स्वतंत्र डोमेन आणला असून, त्याकडे वळण्यासाठी बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंतची मुदत दिली होती.

कुलपाचे चिन्ह असले म्हणजे सुरक्षित?

नाही. तुमचा फोन आणि ते संकेतस्थळ यांच्यातील माहिती मधल्या मध्ये कुणी वाचू शकत नाही, एवढाच कुलपाचा अर्थ. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे की चोर, हे कुलूप सांगत नाही. बनावट संकेतस्थळांनाही ते सहज मिळते. या गैरसमजामुळेच क्रोमने २०२३ मध्ये कुलूप काढून तिथे सेटिंग्जसारखे दिसणारे चिन्ह आणले.

'व्हायरस सापडला' असे इशारे का येतात?

चित्रपट, क्रिकेट सामना किंवा निकाल पाहायला एखादे पान उघडले की 'पुढे जाण्यासाठी अलाउ दाबा' असे सांगितले जाते. ते दाबताच त्या संकेतस्थळाला सूचना पाठवण्याची परवानगी मिळते. मग पान बंद केले तरी जाहिराती आणि खोटे इशारे येतच राहतात. फोनला बहुधा काहीही झालेले नसते. अँड्रॉइड फोनवर क्रोममधील तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स या क्रमाने जाऊन अनोळखी संकेतस्थळांची परवानगी काढून टाकावी. लोकेशन, कॅमेरा आणि मायक्रोफोनच्या याद्याही तिथेच तपासता येतात.

संगणकावर पूर्ण स्क्रीन व्यापणारा इशारा आणि 'या क्रमांकावर फोन करा' असा मजकूर आला, तर फोन करू नये. एस्केप कळ दाबून धरावी आणि ब्राउझर बंद करावा. ग्राहक सेवा क्रमांकही शोध निकालातून न घेता बिलावरून, पासबुकवरून किंवा कार्डाच्या मागील बाजूवरून घ्यावा. शोधात सर्वात वर दिसणारा दुवा अनेकदा पैसे देऊन केलेली जाहिरात असतो.

इन्कॉग्निटोमध्ये काहीच कळत नाही का?

या मोडमध्ये खिडकी बंद केल्यावर इतिहास आणि कुकीज त्या उपकरणावर राहत नाहीत, इतकेच. इंटरनेट सेवा देणारी कंपनी, कार्यालयाचे नेटवर्क आणि खुद्द संकेतस्थळ यांना भेट कळू शकते. डाउनलोड केलेल्या फाइलही उपकरणात तशाच राहतात.

सायबर कॅफेत अर्ज भरताना काय करावे?

इन्कॉग्निटोचा खरा उपयोग इथे आहे. संगणकावर क्रोम किंवा एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन, तर फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि पी या कळा एकत्र दाबल्या की अशी खिडकी उघडते. 'पासवर्ड जतन करायचा का?' या प्रश्नाला नकार द्यावा. काम झाल्यावर लॉगआउट करून खिडकी बंद करावी. आधार, गुणपत्रिका, जातीचा दाखला यांच्या फाइल डाउनलोड्स फोल्डरमधून आणि रिसायकल बिनमधूनही काढाव्यात. बँकेचे व्यवहार मात्र दुसऱ्याच्या संगणकावर टाळलेलेच बरे.

पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवावेत का?

स्वतःच्या, स्क्रीन लॉक असलेल्या उपकरणावर साठवायला हरकत नाही. सगळीकडे एकच पासवर्ड वापरण्यापेक्षा ते चांगले. त्याचा आणखी एक फायदा आहे. ब्राउझर पासवर्ड पत्त्याशी जोडून ठेवतो. नेहमी आपोआप भरला जाणारा पासवर्ड एखाद्या दिवशी भरला गेला नाही, तर थांबून पत्ता पुन्हा वाचावा. पान बनावट असण्याची शक्यता असते.

वेळ वाचवणाऱ्या युक्त्या कोणत्या?

चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल, शिफ्ट आणि टी दाबून परत येतो. लांबलचक यादीत नाव शोधण्यासाठी कंट्रोल आणि एफ, फोनवर 'फाइंड इन पेज'. अक्षरे बारीक वाटत असतील तर संगणकावर कंट्रोल आणि अधिक चिन्ह दाबावे. फोनवर सेटिंग्जमधील अ‍ॅक्सेसिबिलिटीत अक्षरांचा आकार वाढतो. नको असलेली एक्स्टेन्शन्स काढून टाकावीत, कारण त्यातील काहींना उघडलेल्या प्रत्येक पानावरील मजकूर वाचण्याची मुभा असते. ब्राउझरचे अपडेट मात्र टाळू नये. सापडलेल्या त्रुटी त्यातूनच बुजवल्या जातात.

फसवणूक झालीच तर?

पैसे गेल्याचे लक्षात येताच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आणि बँकेला कळवावे. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी रोखली जाण्याची शक्यता अधिक. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार करता येते. पानाचा पत्ता, संदेश आणि व्यवहार क्रमांक यांचे स्क्रीनशॉट ठेवावेत. घाबरून किंवा लाजेपोटी ब्राउझरचा इतिहास पुसू नये, तपासात तोच उपयोगी पडतो. नंतर दुसऱ्या सुरक्षित उपकरणावरून पासवर्ड बदलावेत.